बोंडापासून वीतभर कापडापर्यंत: लहान मुलांना सूतकताई आणि विणकाम कसे शिकवावे

समईतली लांब वात अनेक मराठी घरांत आजही हाताने वळली जाते. आजी कापसाचा पुंजका घेते, त्यातला कचरा वेचते, पुंजका बोटांनी मोकळा करून लांबवते आणि तळहातावर फिरवून त्याला पीळ देते. वेचणे, मोकळे करणे, लांबवणे आणि पीळ देणे या चार क्रियांत सूतकताईचे सगळे तंत्र आले. यंत्रयुगापूर्वीची कारागिरी मुलांना शिकवायची असेल, तर सुरुवात कापसापासून करावी असे मी सांगतो, याचे कारण हेच आहे. साहित्य स्वस्त आहे, भट्टी किंवा धारदार हत्यार लागत नाही, आणि कच्च्या मालापासून वापरण्याजोग्या वस्तूपर्यंतचा सगळा प्रवास सहा-सात वर्षांचे मूल स्वतःच्या हातांनी करू शकते. कुंभाराचे चाक किंवा लोहाराचा भाता मुलांना पाहायला मिळतो, पण त्यांच्या हाती फारसा येत नाही.

हा क्रम सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. पाच-सहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी, बैठक पाऊण तासापेक्षा लांबवू नये, आणि आठवड्याला एक याप्रमाणे सात-आठ बैठका धराव्यात. घरी एकट्या मुलाबरोबरही हे करता येते, मात्र टकळीच्या, म्हणजे सूत कातण्यासाठी हाताने फिरवायच्या काडीच्या, वेळी दुसरे मूल सोबतीला असले तर काम पुष्कळ सोपे होते.

आरंभीच एक नियम सांगतो, कारण पुढचे सर्व काही त्यावर उभे आहे: अडचण आधी, अवजार नंतर. मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी चरखा दिला तर ते चाक फिरवते, गंमत वाटते आणि विषय तिथेच संपतो. तेच मूल आधी पंधरा मिनिटे नुसत्या बोटांनी सरकी, म्हणजे कापसातल्या बिया, सोडवत बसले, बोटे दुखली, हाती बियांवेगळी जेमतेम मूठभर रुई आली, आणि त्यानंतर त्याच्यासमोर एक साधी लोखंडी सळई ठेवली, तर सळईचे मोल त्याला सांगावे लागत नाही. प्रत्येक अवजार हे कोणाच्या तरी दुखणाऱ्या बोटांना सापडलेले उत्तर आहे, हे मुलाला भाषणातून कळत नाही, हातांतून कळते.

साहित्य

वेचणीचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि पुढे काही महिने चालतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेश या भागांत ओळखीच्या शेतकऱ्याकडून सरकीसह कापूस सहज मिळतो. प्रत्येक मुलामागे चार-पाच बोंडे, म्हणजे साधारण वीस ग्रॅम कापूस पुरतो. शक्य असेल तर काही बोंडे देठासह आणि वाळलेल्या कवचासह आणावीत. कवचाची टोके बोटांना टोचतात, आणि कापूस वेचणाऱ्या बाईचे हात दिवसभर काय सोसतात हे त्या एका टोचण्यातून मुलांना कळते.

सरकीसह कापूस मिळालाच नाही, तर पूजेच्या दुकानातला वातींचा कापूस किंवा गादीवाल्याकडची साधी रुई घ्यावी. औषधांच्या दुकानातला कापूस मात्र घेऊ नये. पाणी शोषले जावे म्हणून त्याच्या तंतूंवरचा नैसर्गिक मेणचटपणा काढून टाकलेला असतो, त्यामुळे तंतू एकमेकांवरून नीट सरकत नाहीत आणि नवशिक्या हातांना त्याचे सूत काढणे फार जड जाते.

याखेरीज लाकडी पाट, बोटाएवढ्या जाडीची गुळगुळीत लोखंडी सळई, तारेचे दात असलेले दोन ब्रश, बांबूच्या काड्या, थोडी माती, नारळाच्या करवंट्या, जाड पुठ्ठा, कंगवा, बोथट टोकाची मोठी सुई आणि बाजारातले मजबूत सुती दोऱ्याचे एक रीळ जमवावे. घरगुती वजनकाटा आणि मोजपट्टी असल्यास उत्तम.

पहिली बैठक: सरकी आणि रुई

मुलांना बोंड उघडून पाहू द्यावे. आतले कप्पे मोजावेत, एका कप्प्यात किती बिया आहेत ते पाहावे, आणि एका बीवरचे तंतू ओल्या बोटाने चारी बाजूंना विंचरून काळ्या कागदावर पसरावेत. तंतूची लांबी मोजली की ती दोन-तीन सेंटिमीटरच भरते. इथे मुलांना प्रश्न विचारावा आणि उत्तर न देता सोडून द्यावे: एवढ्याशा तंतूंपासून पाच-साडेपाच मीटरची साडी कशी होत असेल? दोन बैठकांनंतर टकळी हातात आली की मुले स्वतःच या प्रश्नाकडे परत येतात.

मग बोटांनी सरकी सोडवायला बसवावे. पंधरा मिनिटांनी काम थांबवून रुईचे आणि सरकीचे वेगवेगळे वजन करावे. रुई एकूण वजनाच्या सुमारे एक तृतीयांश निघते, हे पाहून मुले चकित होतात. यानंतर सळई दाखवावी. पाटावर थोडासा कापूस पसरून त्यावर सळई आडवी ठेवायची आणि दोन्ही तळहातांनी दाबून पुढे लाटायची. तंतू सळईखाली दबून मागे राहतात आणि सरकी पुढच्या बाजूने टपकन निसटते. एका वेळी एकदोन बियांपुरताच कापूस घ्यावा, अधिक घेतल्यास तो सळईभोवती गुंडाळला जातो. हीच युक्ती पुढे दोन लाटांच्या रेच्यात आली. एकमेकांना चिकटून उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन रुळांमधून तंतू पलीकडे ओढला जातो आणि फटीपेक्षा मोठी असलेली सरकी अलीकडे राहते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही सरकी काढण्याचे काम अभ्यासकांनी ओळखले आहे. त्या चित्राची छपाई मिळाली तर मुलांना नक्की दाखवावी.

सरकी टाकून देऊ नये. ती ठेचून तेलाचा ओशटपणा कागदावर उतरवून दाखवता येतो, आणि जनावरांना घालतात ती सरकीची पेंड म्हणजे काय हेही त्यातून कळते. जुन्या कामात वाया जाणारे फार थोडे होते, ही गोष्ट अशीच जाता जाता सांगावी.

दुसरी बैठक: पिंजणे आणि पेळू

सरकी काढलेल्या रुईत गुठळ्या असतात. आधी बोटांनी त्या मोकळ्या करू द्याव्यात. मग तारेचे दोन ब्रश समोरासमोर धरून हलक्या हाताने रुई विंचरायला द्यावी. त्यानंतर मोठ्यांनी धनुकली करून दाखवावी: बांबूची दोन-अडीच फुटांची कामटी वाकवून तिला घट्ट पिळाची दोरी ताणून बांधायची, दोरी रुईला टेकवून टिचकी मारायची. दोरीच्या कंपनाने रुईचे तंतू सुटे होऊन उडतात आणि कचरा खाली पडतो. पूर्वी पिंजारी जनावराच्या आतड्याची तांत लावलेले मोठे पिंजण खांद्यावर घेऊन दारोदार येत आणि अंगणातच गाद्या-उशांचा कापूस पिंजून देत. तांतीचा तो तुणतुण आवाज घरातल्या साठी-सत्तरीच्या माणसांनी लहानपणी ऐकलेला असतो. मुलांनी त्यांना त्याविषयी विचारून यावे, हा या आठवड्याचा गृहपाठ. ‘सगळे गाव पिंजून काढले’ असे आपण का म्हणतो, हेही या बैठकीनंतर वेगळे सांगावे लागत नाही.

हे काम उघड्या जागेत करावे आणि नाकातोंडाला रुमाल बांधावा, कारण बारीक तंतू हवेत पसरतात. खोकला किंवा दम्याचा त्रास असलेल्या मुलाला या वेळी पुढचे काम द्यावे. ते काम पेळू वळण्याचे. पिंजलेल्या रुईचा पातळ थर पाटावर पसरायचा, त्यावर पेन्सिलीपेक्षा बारीक काडी ठेवायची, तळहाताने हलकेच लाटून गुंडाळी करायची आणि काडी ओढून काढायची. वीतभर लांबीचा, सैल आणि सारख्या जाडीचा पेळू चांगला. पेळू वाईट असेल तर पुढे सूत तुटतच राहते आणि मुलाला वाटते की आपल्यालाच जमत नाही. म्हणून टकळी देण्यापूर्वी शिक्षकाने प्रत्येकाचे पेळू तपासावेत, आणि आपण वळलेले थोडे चांगले पेळू जवळ ठेवावेत.

तिसरी आणि चौथी बैठक: टकळी

हा या साऱ्या कामाचा गाभा आहे, म्हणून याला दोन बैठका द्याव्यात. तीन लागल्या तरी घाई करू नये.

प्रथम नुसती बोटे. पेळूच्या टोकाची चिमूट ओढली की तंतू सरकून सुटे होतात. तीच चिमूट पीळ देत ओढली की ते एकमेकांना धरून बसतात आणि दोरा तयार होतो. मुलांनी दोन्ही प्रकारे ओढून पाहावे. तंतूंना तंतू धरून ठेवतो तो पीळ, आणि पिळाच्या जोरावर तोकड्या तंतूंची लांबी हवी तितकी वाढवता येते, हे पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर. बोटांनी वीतभर दोरा काढल्यावर हात सोडला की पीळ उलगडतो. आता पीळ देत राहणारे आणि झालेला दोरा गुंडाळून ठेवणारे काहीतरी हवे, ही गरज मुलांच्या तोंडून यावी. मग टकळी काढावी.

टकळी घरी करता येते. बांबूची सरळ, गुळगुळीत, सुमारे वीस सेंटिमीटरची काडी घ्यावी. खालचे टोक पेन्सिलीसारखे निमुळते पण बोथट असावे, वरच्या टोकाजवळ मोठ्यांनी चाकूने तिरकी खाच पाडावी. मुलांनी मातीच्या तीन-चार सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या कराव्यात, मधोमध भोक पाडून त्या सावलीत वाळवाव्यात आणि काडीच्या खालच्या भागात घट्ट बसवाव्यात. भोक मध्यापासून जरा सरकले तरी टकळी डगमगते. तशी डगमगणारी टकळी फेकू न देता चांगल्या टकळीशेजारी फिरवून दाखवावी. चकती मोठी-जड केली तर टकळी सावकाश पण बराच वेळ फिरते, लहान-हलकी केली तर झरझर फिरते. कापसासाठी लहान चकती बरी, कारण बारीक तंतूला पीळ भरपूर लागतो आणि टकळीचे ओझे पेलत नाही. म्हणूनच तिला हवेत लोंबकळत न ठेवता करवंटीत टेकवून फिरवावे.

कातण्याची कृती अशी. बाजारच्या दोऱ्याचा हातभर तुकडा चकतीच्या वर काडीला बांधावा, दोनचार वेढे देत वर न्यावा आणि खाचेत अडकवावा. दोऱ्याचे मोकळे टोक पिंजून फुलवावे, त्यावर पेळूचे टोक तीन-चार सेंटिमीटर चढवून चिमटीत धरावे. मुलांच्या जोड्या कराव्यात: एकाने टकळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायची, दुसऱ्याने पेळू सांभाळायचा. पीळ चिमटीपर्यंत आला की टकळी थांबवावी, पेळू हलकेच मागे ओढून तीन-चार बोटे तंतू मोकळे करावेत, मग चिमूट सोडून पीळ त्यांत शिरू द्यावा. पुन्हा फिरवणे, थांबणे, ओढणे, सोडणे. हातभर सूत झाले की ते खाचेतून काढून चकतीच्या वर गुंडाळावे आणि थोडे पुन्हा खाचेपर्यंत न्यावे. गुंडाळलेल्या सुताचा हा फुगीर आकार म्हणजे कुकडी.

पीळ पुरेसा झाला का, हे पाहण्यासाठी सूत किंचित सैल सोडावे. ते स्वतःभोवती वेटोळे घालू लागले तर पीळ पुरेसा आहे. तसेच लोंबत राहिले तर आणखी हवा. सूत मध्येच विरून तुटत असेल तर पीळ कमी किंवा ओढ जास्त. जाड गाठोळे येत असतील तर दोन्ही हातांची चिमूट फार जवळ आहे. टकळी चुकून उलट फिरली तर झालेला पीळ उलगडतो. नव्या मुलांची निम्मी सुते यामुळेच तुटतात, तेव्हा चकतीवर दिशेचा बाण काढून ठेवावा. तुटलेले टोक फुलवून पुन्हा पेळूवर चढवले की जोड बसतो. पहिल्या दिवशी वीतभर खडबडीत सूत निघाले तरी ते वहीत तारखेसह चिकटवावे.

टकळीचा शाळेशी जुना संबंध आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या पुढाकाराने राष्ट्रीय शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाचा आराखडा केला. अशा शिक्षणाला नई तालीम म्हणत, आणि सेवाग्रामच्या शाळेत मुले टकळीवर सूत काढत आणि त्याच सुताच्या निमित्ताने गणित, भूगोल, इतिहास शिकत. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा या अपेक्षेवर तेव्हाही टीका झाली होती, आणि ती टीका मला योग्य वाटते. म्हणून मुलांकडून इतके मीटर सूत हवे असे लक्ष्य ठेवू नये, आणि सर्वांत जास्त सूत कोणाचे अशी स्पर्धाही लावू नये. सूत आणि शिक्षण यांची सांगड घालण्याची कल्पना मात्र निःसंकोच उचलावी.

पाचवी बैठक: चरखा आणि हिशेब

टकळी फिरवून थकलेल्या हातांना आता चरखा दाखवावा. खादी भांडारातून किंवा ओळखीच्या घरातून चरखा एका दिवसापुरता मिळतो. मोठे चाक, त्यावरची माळ म्हणजे दोरी आणि त्या दोरीने फिरणारी, सूत पिळणारी लहानशी चाती एवढेच मुलांना आधी दाखवावे. चातीला रंगाचा ठिपका लावून मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चाती किती वेळा फिरते ते सावकाश फिरवून मोजावे. मोठ्या मुलांना चाकाचा आणि चातीच्या खाचेचा व्यास मोजायला लावावा. चाक साठ सेंटिमीटरचे आणि खाच एक सेंटिमीटरची असेल तर एका फेऱ्यात चातीचे साठ फेरे होतात. टकळी थांबवून सूत ओढावे लागत होते. इथे उजवा हात चाक फिरवतो आणि डावा सूत ओढतो, दोन्ही कामे एकाच वेळी. मुलांना हा फरक चटकन दिसतो, कारण त्यांनी तो हातांनी भोगलेला असतो.

त्यानंतर एक हिशेब करावा. तासाभरात आपण किती सूत काढले ते मोजावे. समजा सहा मीटर निघाले. आता तीस सेंटिमीटर लांब-रुंद रुमाल घ्या, सेंटिमीटरला पंधरा उभे आणि पंधरा आडवे धागे धरा. उभे साडेचारशे, आडवे साडेचारशे, प्रत्येकी तीस सेंटिमीटरचे, मिळून दोनशे सत्तर मीटर. म्हणजे एका रुमालासाठी नुसती कताईच पंचेचाळीस तास. साडीचा हिशेब शिक्षकाने सांगावा: साडेपाच मीटर लांब, एक मीटर वीस सेंटिमीटर रुंद, सेंटिमीटरला वीस धागे धरले तर सूत सव्वीस किलोमीटरच्या पुढे जाते. आळंदीहून निघालेली पालखी दिवसभर चालून पुण्याला पोहोचते, जवळपास तेवढे अंतर. जुन्या काळी माणसाजवळ कपडे थोडे का असत, फाटलेल्या लुगड्याची गोधडी का शिवली जाई, याचे कारण या आकड्यात आहे. गरिबी हे त्याचे एक कारण होतेच, पण श्रमाचे हे मोजमाप मुलांना ठाऊक असावे.

सहावी आणि सातवी बैठक: विणकाम

मुलांचे सूत कच्चे असते, ते ताण्यासाठी, म्हणजे उभ्या धाग्यांसाठी, वापरू नये. ताण्याला बाजारचा मजबूत दोरा घ्यावा आणि बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, मुलांचे सूत. सूत आधी कोमट पाण्यात भिजवून, हलका ताण देऊन वाळवले की पीळ बसतो आणि ते वेटोळे घालत नाही. बारीक असेल तर दोन सुते एकत्र धरून टकळी उलट दिशेने फिरवावी आणि दुहेरी करावे. पिळाचा चिवटपणा दाखवायचा असेल तर मोठ्यांनी स्टीलच्या ताटात सुंभाचा तुकडा जाळून राखेत उरलेला पीळ दाखवावा. म्हण मुलांना ठाऊक असतेच, आता तिचा अर्थ डोळ्यांना दिसतो.

वीस बाय पंधरा सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याच्या दोन्ही आखूड कडांना लहान मुलांसाठी एक आणि मोठ्यांसाठी अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडाव्यात आणि दोरा वरखाली ताणून घ्यावा. सुईत बाणा ओवून एका धाग्यावरून, एकाखालून असे जावे, परतताना उलट करावे, आणि प्रत्येक ओळ कंगव्याने खाली ठोकावी. कापड मध्ये आकसत जाणे ही नेहमीची चूक आहे. बाणा सरळ न ओढता कमानीसारखा टाकून मग ठोकला की कडा आत येत नाहीत.

चार-पाच ओळी अशा झाल्यावर, जेव्हा प्रत्येक धागा उचलण्याचा कंटाळा येतो, तेव्हा एकाआड एक धाग्यांखालून लाकडी पट्टी घालून ती उभी करून दाखवावी. सगळे धागे एकदम उचलले जाऊन बाण्याला वाट होते. परतीच्या ओळीसाठी उरलेल्या धाग्यांना दोऱ्यांचे फास घालून ते एका काडीला बांधावेत. काडी उचलली की तेही एकदम वर येतात. खऱ्या हातमागावर पायाने दाबल्या जाणाऱ्या पावड्या हेच करतात. हे पाहिलेले मूल विणकराकडे गेले की त्याच्या पायांकडे आधी पाहते.

विणकराच्या घरी, आणि सुताची कालरेषा

पैठण किंवा येवल्याचे पैठणी विणकर, विदर्भातले कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, माग, जवळच्या गावातला एखादा हातमाग, जे साधेल ते पाहावे. वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ पासून ग्रामोद्योगांची साधने दाखवते, आणि सेवाग्रामला कताई पाहता येते. भेटीपूर्वी मुलांनी आपापले कापडाचे तुकडे सोबत घ्यावेत. विणकर काकांना किंवा मावशींना ते दाखवले की बोलणे आपोआप सुरू होते, आणि त्यांच्या हाताच्या वेगाविषयी आदरही मुलांना शिकवावा लागत नाही. कारागिराचा वेळ फुकट घेऊ नये. आधी विचारून, योग्य मानधन देऊन जावे. पिंजारी, साळी, कोष्टी ही नावे आडनावांत आणि जातींत कशी आली, हे मुलांनी विचारले तर टाळू नये. काम पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिले, कौशल्य वाढले, पण निवडीचे स्वातंत्र्य नव्हते आणि मोबदला तुटपुंजा असे, असे सरळ सांगावे.

शेवटच्या अर्ध्या तासात साडेचार मीटर दोरा वर्गाच्या भिंतीवर लांबवर ताणावा. एक मीटर म्हणजे एक हजार वर्षे. उजवे टोक आजचे. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा अंश सापडला, त्याची खूण चार मीटरांच्या पलीकडे येते. चरख्याचा भारतातला सर्वांत जुना स्पष्ट लेखी उल्लेख १३५० च्या सुमाराच्या एका फारसी काव्यात आहे. ती खूण उजव्या टोकापासून सदुसष्ट सेंटिमीटरवर. इंग्लंडात जेम्स हार्ग्रीव्ह्जने १७६४ च्या सुमारास एका चाकावर आठ चात्या फिरवल्या, ती सव्वीस सेंटिमीटरवर. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले, ते सतरा सेंटिमीटरवर. मुलांनी आपल्या जन्माची खूणही करावी, ती सेंटिमीटरभरही आत जात नाही. मग त्यांना विचारावे की चरखा येण्यापूर्वीच्या त्या साडेतीन मीटरांत कापडाचे सूत कशावर निघत होते. उत्तर प्रत्येकाच्या हातातल्या करवंटीत उभे असते.

त्या दिवशी टकळ्या, करवंट्या आणि उरलेले पेळू मुलांना घरी न्यायला द्यावेत.